बीदरचा वजीर ख्वाजा महमूद गावान

बीदर शहरात चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या दिशेने चालू लागले, म्हणजे वाटेत एक भव्य पण भग्न इमारत लागते. तिच्या दर्शनी भागाच्या दोन मनोऱ्यांपैकी आज एकच उभा आहे. त्याच्या अंगावरील रंगीत फरशांची नक्षी कोठे कोठे अजून उन्हात चकाकते. सहलीस आलेली मुले मान वर करून तो मनोरा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि लगबगीने किल्ला पाहावयास निघून जातात. ही वास्तू ज्याने उभारली त्या पुरुषाचे नाव मात्र पुष्कळांस परीक्षेपुरतेच ठाऊक असते. त्या पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस थोडक्यात सांगावे, असा आमचा मानस आहे. त्यास एक तात्कालिक निमित्तही घडले, ते आधी सांगितले पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. कलबुर्गीस त्याचा तुरीच्या डाळीचा व्यापार आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे आपण जाणताच. त्याच्यापुढे एक पेच पडला होता. खरेदीविक्रीची बिले, शेतकऱ्यांची खाती, गोदामातील पोत्यांचा हिशेब हे सारे आता संगणकावर ठेवावे लागते. त्यासाठी स्वतःचा सर्व्हर विकत घेऊन पेढीच्या मागील खोलीत ठेवावा, की ज्याला क्लाउड म्हणतात त्या दूरच्या संगणककोठारात भाड्याने जागा घ्यावी, की काही घरी आणि काही बाहेर असा मिश्र मार्ग धरावा, हे त्याला ठरवावयाचे होते. नवी तूर बाजारात येण्यापूर्वी निर्णय व्हावयास हवा होता, आणि चुकला तर वडिलांनी जन्मभर जमवलेले भांडवल अडकून पडणार होते. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. ह्या यंत्रविद्येत आमची गती ती काय असणार! परंतु त्याचे बोलणे ऐकता ऐकता आम्हांस ख्वाजा महमूद गावानाची आठवण झाली. आपले धन कोणाच्या कोठारात ठेवावे आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न ह्या माणसाने साडेपाचशे वर्षांपूर्वी एका राज्यापुरता सोडविला होता. आणि त्याच प्रश्नाचा एक लहानसा कोपरा दुर्लक्षित राहिल्यामुळे त्याने आपले प्राणही गमावले.

महमूद गावान मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. कॅस्पियन समुद्राच्या काठी हा प्रांत आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी एका प्रतिष्ठित घराण्यात त्याचा जन्म झाला. त्याच्या घराण्यातील पुरुषांनी गिलानच्या दरबारी मोठमोठी पदे भूषविली होती. परंतु दरबार म्हटला की हेवेदावे आलेच. त्यांस कंटाळून महमूदाने जन्मभूमी सोडली व व्यापाराचा मार्ग पत्करला. कैरो, दमास्कस, खुरासान अशा दूरदूरच्या देशी तो हिंडला. जेथे जाई तेथील बाजारपेठ जशी पाही, तशीच तेथील विद्वानांची घरेही पाही. व्यापारी असून विद्येचा व्यसनी आणि विद्वान असून हिशेबाला चोख, असा हा दुर्मिळ योग त्याच्या ठायी झाला होता.

सन 1453 च्या सुमारास तो कोकणातील दाभोळ बंदरी उतरला. त्या वेळी त्याची चाळिशी उलटून गेली होती. घोडे व इतर मौल्यवान माल बरोबर होता. बीदर येथील साधुपुरुष शाह मुहिब्बुल्ला यांचे दर्शन घ्यावे आणि व्यापारही करावा, ह्या हेतूने तो घाट चढून बीदरास आला. बहामनी राज्याची राजधानी अहमदशहा वलीने गुलबर्ग्याहून बीदरास आणल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. गादीवर दुसरा अलाउद्दीन अहमद होता. गुणी परदेशी माणसांस आश्रय देण्याची त्या दरबाराची रीत असे. सुलतानाने ह्या व्यापाऱ्याची बुद्धी ओळखली आणि त्यास ठेवून घेतले. घोडे विकावयास आलेला पाहुणा अशा रीतीने ह्या भूमीचा झाला, तो कायमचाच. पुढे हुमायूनशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1458 नंतर, त्यास मलिक-उत्-तुज्जार, अर्थात व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब मिळाला.

हुमायून 1461 साली मरण पावला आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा गादीवर आला. राज्याचा कारभार तीन व्यक्तींच्या मंडळाकडे गेला. बालराजाची माता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गावान हे ते तिघे होत. राजा लहान असला म्हणजे शेजारी जागे होतात. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी मोठी फौज घेऊन चालून आला. 1462 साली खुद्द बीदर शहर त्याच्या हाती पडले. अशा प्रसंगी सारे राज्यच बुडाले असते. परंतु बीदरचा किल्ला लढत राहिला आणि राजमाता बालराजास घेऊन भीमेकाठच्या फिरोजाबादेस निघून गेली. हे फिरोजाबाद आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. राजधानीचे शहर शत्रूच्या ताब्यात असतानाही राज्याचा कारभार ह्या दुसऱ्या ठिकाणाहून चालू राहिला. इकडे गावानाच्या पत्रव्यवहारामुळे गुजरातचा सुलतान महमूद बेगडा साहाय्यास धावून आला. शत्रूस माघार घ्यावी लागली.

येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगे आहे. सर्व काही एकाच जागी असते, तर ती जागा जाताच सर्व काही गेले असते. आमच्या व्यापारी विद्यार्थ्यास आम्ही प्रथम हीच गोष्ट सांगितली. संगणक पेढीत ठेव अथवा हजार कोसांवर ठेव, परंतु तुझे फिरोजाबाद कोठे आहे, ते आधी ठरव. पेढीच्या खोलीत पाणी शिरेल, वीज खेळखंडोबा करील, चोर येईल, आणि एका रात्रीत खातेवही नाहीशी होईल. बाहेरचे कोठारही अभेद्य नसते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे मार्च 2021 मध्ये एका मोठ्या संगणककोठारास आग लागली. ज्या ग्राहकांनी आपल्या माहितीची प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली.

सन 1463 मध्ये बालराजा वारला व त्याचा धाकटा भाऊ तिसरा महंमदशहा गादीवर आला. तोही वयाने लहानच होता. 1466 च्या सुमारास महमूद गावान मुख्य वजीर झाला आणि पुढील सुमारे पंधरा वर्षे बहामनी राज्याची सूत्रे त्याच्या हाती राहिली.

आता आम्ही ज्या प्रसंगाकडे वळत आहो, तो आमच्या मनास विशेष जवळचा आहे. आमची मातृभाषा कोंकणी. तेव्हा कोकण आणि गोवा ही नावे ऐकली की आमचे कान आपोआप टवकारतात. त्या काळी कोकणातील खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, व संगमेश्वर येथील राजे कोणासही जुमानत नसत. त्यांची जहाजे समुद्रात व्यापारी व यात्रेकरू यांस लुटीत. गावानाच्या आधीचा मलिक-उत्-तुज्जार, खलफ हसन, मोठ्या सैन्यासह कोकणच्या अरण्यात शिरला होता आणि तेथेच मारला गेला होता. दऱ्याखोऱ्यांत घोडदळाचा उपयोग नाही, हे त्यास उमगले नव्हते.

गावानाने 1469 साली मोहीम काढली, तेव्हा ही चूक त्याच्या ध्यानात होती. बीदरहून आणलेले घोडदळ निरुपयोगी ठरते असे दिसताच त्याने ते परत पाठविले. जुन्नर, चाकण, दाभोळ, चौल अशा ठिकाणांहून त्या मुलखाची माहिती असलेली माणसे बोलावली. पायदळाकडून झाडी तोडविली, जाळविली आणि वाटा मोकळ्या केल्या. पावसाळा आला, तेव्हा हट्टास न पेटता तो मागे सरला व कोल्हापूर येथे गवती झोपड्या बांधून त्याने पर्जन्यकाळ काढला. पाऊस ओसरल्यावर पुन्हा पुढे सरकला. काही किल्ले त्याने लढून घेतले, तर काही पैसा देऊन व बोलणी करून घेतले. शेवटी जमिनीवरून सैन्य आणि समुद्रातून जहाजे अशा दुहेरी चालीने 1472 च्या आरंभी विजयनगरच्या अंमलाखालील गोवा त्याने जिंकून घेतला. विजय कोणाचा आणि पराजय कोणाचा हे बाजूस ठेवून एवढे म्हणता येईल की, जे साधन एका ठिकाणी तारक तेच दुसऱ्या ठिकाणी मारक ठरते, हे ह्या सेनापतीस कळत होते. बीदरच्या सपाट माळावरचा घोडा त्याने आंबा घाटात रेटला नाही.

मोहिमेवरून परत आल्यावर सुलतानाने त्याचा अपूर्व सन्मान केला, स्वतः त्याच्या घरी जाऊन राहिला. परंतु सुलतान गेल्यावर ख्वाजा खोलीत दार लावून बसला आणि अश्रू ढाळू लागला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. ह्या मानसन्मानाने आपल्या मनात अहंकार शिरला, याची त्यास खंत वाटली. मग आपली रोकड व जडजवाहीर त्याने विद्वानांस व गोरगरिबांस वाटून टाकले. हत्ती, घोडे आणि ग्रंथ एवढेच मागे ठेवले. हत्तीघोडे सुलतानाचे आणि ग्रंथ विद्यार्थ्यांचे, त्यांवर आपला अधिकार नाही, असा त्याचा हिशेब होता.

त्याच वर्षी, 1472 साली, बीदरची मदरसा पूर्ण झाली. समरकंद व खुरासान येथील विद्यालयांच्या धर्तीवर ही तीन मजली इमारत बांधलेली आहे. लांबी 205 फूट, रुंदी 180 फूट, मध्ये चौरस अंगण, चारी बाजूंस व्याख्यानगृहे, मशीद आणि ग्रंथालय. विद्यार्थ्यांसाठी 36 खोल्या व अध्यापकांसाठी 6 दालने होती. शिल्लक उरलेला मनोरा सुमारे 131 फूट उंच आहे. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखित ग्रंथ होते. छापखाना नसलेल्या काळात तीन हजार ग्रंथ म्हणजे केवढी संपत्ती, याची कल्पना हाताने एखादे पुस्तक उतरून काढल्याखेरीज येणार नाही. विद्वान लोक बीदरास यावेत म्हणून ख्वाजाने दूरदूर पत्रे धाडली. हिरात येथील थोर कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाशीही होता.

परंतु महमूद गावानाची खरी कर्तबगारी राज्यव्यवस्थेत आहे. बहामनी राज्याचे चार तरफ, म्हणजे चार सुभे होते. राज्य वाढत गेले तसे हे सुभे इतके अवाढव्य झाले की, एकेक तरफदार प्रतिसुलतानच होऊन बसला. आपल्या सुभ्यातील सारे किल्ले त्याच्या हाती, सैन्य त्याच्या हाती आणि वसूलही त्याच्याच हाती. सारेच दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यावर मालकी नावापुरती उरते, हे ख्वाजाने जाणले. उलट सर्व कारभार बीदरास ओढून आणावा, तर शेकडो कोसांवरच्या माहुराचा अथवा राजमहेंद्रीचा बंदोबस्त राजधानीतून होणे अशक्य होते.

त्याने मधला मार्ग काढला. चारांचे आठ सुभे केले. वऱ्हाडाचे गाविल व माहूर, दौलताबादेचे दौलताबाद व जुन्नर, गुलबर्ग्याचे विजापूर व गुलबर्गा, तेलंगणाचे राजमहेंद्री व वरंगळ. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार बसविले. प्रत्येक सुभ्यातील काही जमीन सरकारी खालसात घेतली, तिचा वसूल थेट खजिन्यात येऊ लागला. सरदाराने जितके शिपाई पदरी बाळगावयाचे तितके खरोखर न बाळगल्यास त्या प्रमाणात त्याच्याकडून रक्कम परत घेतली जाई. जमिनीची मोजणी करविली, गावांच्या शिवा ठरविल्या आणि त्यावरून सारा बांधला. उत्तरेत अकबराच्या पदरी तोडरमल्लाने जे काम केले, त्याच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट आहे. शिवाय मोठ्या जागा देताना दख्खनी, परदेशी आणि हबशी ह्या तिन्ही पक्षांचा त्याने समतोल राखला. विजापूरचा सुभा स्वतःकडे असताही नव्या नियमांतून त्याने स्वतःस वगळले नाही.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही म्हटले की, तुझ्या त्या मिश्र मार्गाचे बीज येथे आहे. सारे घरी ठेवणारा व्यापारी सुरक्षित खरा, पण यंत्राची किंमत एकदम मोजावी लागते, ते थंड ठेवावे लागते, त्याची निगा राखणारा माणूस पोसावा लागतो आणि चारपाच वर्षांत ते जुने झाले की पुन्हा खर्च. तुरीच्या चार महिन्यांच्या गर्दीसाठी घेतलेले मोठे यंत्र उरलेले आठ महिने बसून खाते. भाड्याच्या कोठारात वापराल तेवढेच पैसे. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने 2006 साली अशी साठवण भाड्याने देण्यास आरंभ केला आणि 2016 साली तिची कोठारे मुंबईतही उघडली. हंगामात जागा वाढविता येते, हंगाम सरला की कमी करता येते. पण तेथे तरफदाराचा धोका आहे. सारे त्याच्या हाती गेल्यावर भाडे वाढले तर काय करणार? माल परत न्यावयाचा म्हटले तर वाहतुकीचे पैसे कोण भरणार? आणि ज्या दिवशी आपल्या गावाची इंटरनेटची तार तुटेल, त्या दिवशी काटा आणि बिल दोन्ही बंद ठेवावयाचे काय? म्हणून कोणता किल्ला तरफदारास द्यावयाचा आणि कोणते आपल्या नेमणुकीत ठेवावयाचे, याची यादी आधी करावी. कित्येकदा ही निवड आपल्या एकट्याच्या हातीही नसते. भारतीय रिझर्व्ह बँकेने 2018 साली पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी असा दंडक घातला. तेव्हा कायद्याची सीमाही पाहावी लागते.

मात्र मधला मार्ग फुकट मिळत नाही, हेही गावानाच्या चरित्रावरून दिसते. ज्यांचे किल्ले गेले, ज्यांची खोटी हजेरी बंद झाली, ते सरदार दुखावले. दोन ठिकाणचा कारभार एका सूत्रात ठेवण्यास डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस लागतो. तसा माणूस तोच एक होता. तेवढ्यासाठी त्यालाच दूर करण्याचा कट शिजला.

कटाचा प्रमुख मलिक हसन निजाम-उल्-मुल्क. एके काळी गावानानेच त्यास वर आणले होते. ख्वाजाची मोहर सांभाळणारा एक हबशी गुलाम होता. कटवाल्यांनी त्याच्याशी मैत्री केली, नजराणे दिले आणि एके दिवशी तो मद्याच्या धुंदीत असता एका कोऱ्या घडीच्या कागदावर ख्वाजाची मोहर उठवून घेतली. त्या कागदावर त्यांनी ओरिसाच्या राजास उद्देशून पत्र लिहिले की, सुलतान व्यसनी झाला आहे, आपण चालून यावे, आम्ही साहाय्य करू. सुलतानाची छावणी तेव्हा तेलंगणात कोंडापल्ली येथे होती. तो नशेत असताना हे पत्र त्याच्यापुढे ठेवण्यात आले. त्याने ख्वाजास बोलावणे धाडले. मित्रांनी ख्वाजास विनविले की, आज जाऊ नका, हवे तर गुजरातेकडे निघून जा. त्याने ते ऐकले नाही. समोर कागद येताच मोहर आपली, अक्षर मात्र आपले नव्हे, एवढेच त्याने शांतपणे सांगितले. सुलतानाने पुढे काहीही चौकशी केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला.

मित्रहो, ह्या ठिकाणी आमची लेखणी जड होते. आठ सुभ्यांचे किल्ले ज्याने जागच्या जागी बसविले, त्याची स्वतःची मोहर एका व्यसनी नोकराच्या हाती होती. कोठार बळकट होते, पण किल्ली सैल होती. आजही क्लाउडवाला आपल्या इमारतीचा पहारा चोख ठेवतो. आपला परवलीचा शब्द सांभाळणे हे मात्र आपलेच काम असते. तो कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून गल्ल्याच्या काचेखाली ठेवला, तर जगातील कोणते कोठार आपणास वाचविणार? आणि सुलतानाचा दोष तर याहून मोठा. केवळ मोहर पाहून त्याने विश्वास ठेवला, दुसरी खूण मागितली नाही. आज बँका व कंपन्या परवलीच्या शब्दाबरोबर भ्रमणध्वनीवर आलेला अंकही मागतात, त्याचा आपणास कंटाळा येतो. त्या दिवशी कोंडापल्लीस अशी दुसरी खूण कोणी मागितली असती, तर दख्खनचा इतिहास निराळा झाला असता.

ख्वाजाच्या मृत्यूनंतर सुलतानाने त्याची संपत्ती जप्त करण्यास माणसे पाठविली. एवढ्या मोठ्या वजिराकडे अलोट धन असणार, अशी सर्वांची अटकळ होती. पण खजिन्यात फारसे काही सापडले नाही. खजिनदाराने हिशेब पुढे केला. ख्वाजा दोन खजिने वेगळे ठेवी. जहागिरीचे उत्पन्न एकात येई, त्यातून सैन्याचा खर्च भागे आणि उरेल ते सुलतानाच्या नावाने दानधर्मात जाई. दुसऱ्यात इराणहून आणलेल्या त्याच्या मूळ भांडवलावरचा व्यापारी नफा येई. त्यातून तो आपल्या स्वयंपाकघराचा रोजचा बेताचा खर्च चालवी आणि बाकीचे गरिबांस देई. झोपावयास चटई आणि रांधावयास मातीची भांडी, असे त्याचे घर होते. हे ऐकून सुलतानास पश्चात्ताप झाला, पण तो वेळ निघून गेल्यावरचा. पुढच्याच वर्षी, 1482 साली, तोही मरण पावला. त्यानंतर थोड्याच वर्षांत राज्याचे तुकडे पडू लागले. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बीदर अशी पाच राज्ये निर्माण झाली. कट रचणारा मलिक हसनही 1486 साली मारला गेला.

गावान निर्दोष होता असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या मोहिमांत रक्त सांडले, गावे ओसाड झाली. त्याच काळात बीदरास आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन याने सरदारांचे ऐश्वर्य आणि सामान्य रयतेचे दारिद्र्य ही दोन्ही शेजारी शेजारी पाहिली व नोंदून ठेवली. थोर पुरुषाचे चरित्र वाचताना हीही बाजू डोळ्यांआड करू नये.

त्याच्या मदरशाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 1657 साली औरंगजेबाने बीदर घेतले. पुढे ह्या विद्यालयात दारूगोळा साठविण्यात आला, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग व एक मनोरा कोसळला. जेथे ग्रंथ ठेवावयाचे तेथे बारूद ठेवल्याचे हे फळ. परंतु ख्वाजाने लिहिलेल्या पत्रांचा संग्रह, रियाज-उल्-इन्शा, मात्र वाचला. कारण त्याच्या नकला अनेकांनी उतरून घेतल्या होत्या आणि त्या निरनिराळ्या ग्रंथालयांत विखुरल्या होत्या. 1948 साली तो हैदराबादेस छापूनही निघाला. दगडी भिंती ढासळल्या आणि कागद टिकला, तो केवळ एकाहून अधिक जागी असल्यामुळे.

असो. आमच्या विद्यार्थ्याने पुढे काय केले, हे जाणण्याची उत्सुकता वाचकांस असेल. त्याने काटा आणि रोजची बिले पेढीतील एका लहान संगणकावर ठेवली, म्हणजे तार तुटली तरी व्यवहार थांबू नये. जुने हिशेब आणि हंगामातील जादा काम भाड्याच्या कोठारात नेले. रोज रात्री घरची एक प्रत बाहेर जाते आणि दर आठवड्यास बाहेरची एक प्रत घरी येते. परवलीचे शब्द त्याने स्वतः आणि त्याच्या बहिणीने वाटून घेतले आहेत. महत्त्वाचा बदल दोघांच्या संमतीवाचून होत नाही. कोठार सोडावयाचे झाल्यास आपली खाती कशी परत मिळतील, हे त्याने करारात आधीच लिहून घेतले. हीच व्यवस्था सर्वांस सोयीची होईल असे नव्हे. ज्याचा धंदा अगदी लहान, त्यास सारेच भाड्याने घेणे परवडेल. ज्याचे काम बारमाही सारखे आणि माहिती फार नाजूक, त्यास घरचेच बरे. आपला मुलूख सपाट आहे की डोंगराळ, हे पाहून घोडा की पायदळ ते ठरवावे.

पुढल्या सहलीत बीदरास जाल, तेव्हा त्या एकट्या मनोऱ्याखाली पाच मिनिटे अधिक थांबा. पडलेल्या दुसऱ्या मनोऱ्याची रिकामी जागाही पाहा. शहराबाहेर ह्या वजिराची साधी कबर आहे, तीही पाहून या. परक्या देशाहून आलेल्या एका व्यापाऱ्याने आपले सारे ह्या मातीस दिले आणि स्वतःपाशी चटई तेवढी ठेवली. अशा माणसाची मोहर सांभाळण्यास योग्य हात त्या काळी मिळाला नाही. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कोणाची ना कोणाची किल्ली तुमच्या हाती येईल. कोणाचे हिशेब, कोणाचे औषध, कोणाचे मत तुमच्या विश्वासावर ठेवले जाईल. त्या वेळी तुमचा हात सैल पडू नये, एवढीच आमची इच्छा आहे.